८० अंशांवर सगळेच मीटर जास्त का दाखवू लागले? पाण्याच्या घनतेच्या एका फंक्शनचे प्रकरण

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्यातल्या एका औद्योगिक वसाहतीत फ्लोमीटर (पाइपातला प्रवाह मोजणारे मीटर) तपासणारी प्रयोगशाळा आहे. कामाची पद्धत वजनावर आधारलेली. पाणी पंपाने तपासायच्या मीटरमधून सोडायचे, प्रवाह स्थिर झाला की डायव्हर्टरने ते ५०० किलो क्षमतेच्या काट्यावरच्या टाकीत वळवायचे, तेवढ्या वेळात मीटरने दिलेले पल्स मोजायचे आणि साधारण ३०० किलो पाणी जमले की डायव्हर्टर परत फिरवायचा. काटा वस्तुमान देतो, मीटर मात्र लिटर दाखवतो. दोघांची तुलना करायची तर मध्ये पाण्याची घनता लागते. ती तापमानावरून काढण्यासाठी काही वर्षांपूर्वी एक छोटे फंक्शन लिहिलेले होते आणि ते पीएलसीमध्ये (यंत्रे चालवणाऱ्या औद्योगिक नियंत्रक संगणकात) चालत होते.

हे फंक्शन सुरुवातीपासून फक्त गार पाण्यासाठी वापरात होते, म्हणजे २० ते ३५ अंश सेल्सियस. त्या पट्ट्यात त्याची उत्तरे छापील कोष्टकांशी घनमीटरमागे ०.०१ किलोच्या आत जुळत. हवेच्या उत्प्लावनाची (हवा वस्तूला किंचित वर उचलते, म्हणून काटा कमी दाखवतो) दुरुस्तीही प्रोग्राममध्ये होती. ती विसरली तर सरळ ०.१ टक्क्याची चूक होते, म्हणून तिचा उल्लेख इथेच केलेला बरा.

मग डेअरी आणि रसायन कारखान्यांकडून गरम पाण्याच्या लाइनवरचे मीटर येऊ लागले. प्रयोगशाळेने नवा लूप उभारला. त्यात हीटर, इन्सुलेशन केलेले पाइप आणि वर झाकण व छोटा व्हेंट असलेली वजनाची टाकी होती. लूपमध्ये आरओचे पाणी भरले. मीटरपाशी दाब ४ बार गेज, म्हणजे वातावरणाच्या दाबापेक्षा ४ बार जास्त, ठेवला. पीएलसीचा प्रोग्राम जुन्या लूपवरून उचलून नव्या पॅनेलवर टाकला. तसे करण्यात वावगे काही नव्हते. चालणारा, तपासलेला प्रोग्राम होता.

समस्या

पहिला मीटर २५ मिलिमीटरचा विद्युतचुंबकीय, उत्पादकाचा दावा ±०.२ टक्के. वेगवेगळ्या तापमानांना त्याची चूक अशी आली:

२५ अंश: +०.०२ टक्के
५० अंश: +०.०५ टक्के
६० अंश: +०.०९ टक्के
७० अंश: +०.१५ टक्के
८० अंश: +०.३० टक्के

८० अंशांवर मीटर दाव्यात बसेना. ग्राहकाच्या सांगण्यावरून त्याचा स्पॅन, म्हणजे सगळे वाचन एकाच प्रमाणात वरखाली करणारी सेटिंग, ०.३ टक्क्यांनी खाली आणला गेला आणि तसे प्रमाणपत्र गेले. दुसऱ्या मीटरचेही तसेच झाले. तिसरा मीटर दुसऱ्याच कंपनीचा, लायनर (नळीच्या आतले अस्तर) वेगळा, तरीही ८० अंशांवर चूक +०.२९. तेव्हा काट्यावर बसणाऱ्या तंत्रज्ञाने प्रमुखांना विचारले, “सर, तिन्ही मीटर एकाच बाजूला आणि एवढे सारखे कसे बिघडतील?”

इथे काम थांबवले गेले. या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच, आणि तो दोन मीटर उशिरा झाला.

संशयित कोण कोण होते

गरम पाण्यात मीटर जास्त दाखवण्याची कारणे अनेक असू शकतात आणि त्यातली बरीचशी घनतेपेक्षा आधी सुचतात. प्रत्येकासाठी स्वतंत्र चाचणी ठरवली गेली.

पहिला संशय बाष्पीभवनावर. टाकीतून वाफ निघून गेली तर काटा कमी दाखवणार आणि मीटर जास्त दाखवतोय असे भासणार. भरलेली टाकी तशीच ठेवून काटा पाहिला. दहा मिनिटांत २० ग्रॅमची घट, म्हणजे ३०० किलोवर ०.००७ टक्के. प्रत्यक्ष चाचणी त्याहून कमी वेळात संपते. संशय फिटला.

दुसरा संशय बुडबुड्यांवर. पाणी तापले की त्यात विरघळलेली हवा सुटते आणि विद्युतचुंबकीय मीटर बुडबुड्यांचे आकारमानही पाणी म्हणूनच मोजतो. बुडबुडे असतील तर दाब वाढवल्यावर ते आक्रसतील आणि चूक कमी होईल. मागचा व्हॉल्व्ह आवळून दाब ४ बारवरून ६ बारवर नेला. चूक बदलली ती एका शतांश टक्क्याच्या आत. हाही संशय गेला.

तिसरा संशय लायनरच्या प्रसरणावर, आणि ग्राहकाच्या इंजिनिअरचा यावरच भर होता. पण प्रसरणाने होणारा बदल तापमानाबरोबर साधारण सरळ रेषेत वाढतो. वरचे आकडे पाहा: २५ ते ५० या पंचवीस अंशांत वाढ ०.०३ आणि ७० ते ८० या दहा अंशांत ०.१५. इतका वर वळणारा वक्र प्रसरणातून निघत नाही. असा वक्र दिसला की कुठेतरी चौथ्या-पाचव्या घाताची बहुपदी लपलेली आहे का, ते आधी पाहावे. या टप्प्यावर ते कोणाच्या लक्षात आले नव्हते.

प्रश्न सुटला तो कोरिऑलिस मीटरमुळे. प्रयोगशाळेकडे स्वतःचा एक होता. हा मीटर वस्तुमान थेट मोजतो, त्याला घनता लागत नाही. तो त्याच लाइनमध्ये चाचणीच्या मीटरच्या पुढे बसवला आणि ८० अंशांवर त्याचे किलो व काट्याचे किलो ताडून पाहिले. फरक ०.०३ टक्क्यांच्या आत. म्हणजे काटा, डायव्हर्टर, गळती, वाफ हे सगळे निर्दोष. चूक किलोपासून लिटरकडे जाताना होत होती. शिवाय कोरिऑलिस मीटर घनताही दाखवतो. ती ९७२ च्या आसपास होती आणि पीएलसीच्या पडद्यावर ९७४.५३. कोरिऑलिसच्या घनतेत अर्धा-एक किलोची अनिश्चितता धरली तरी एवढे अंतर भरून निघत नाही.

फंक्शनमध्ये काय निघाले

फंक्शनमध्ये पाचव्या घाताची बहुपदी होती आणि पहिला आकडा ९९९.८४२५९४. समुद्रशास्त्र जाणणाऱ्याला हा आकडा पाहताच ओळख पटेल. समुद्राच्या पाण्यासाठीचे १९८० चे आंतरराष्ट्रीय अवस्था-समीकरण आहे, त्यातला क्षारता शून्य असतानाचा हा भाग. सूत्र उत्तम आहे, सगळीकडे सहज सापडते, म्हणून प्रोग्रामर मंडळी ते हमखास उचलतात. पण ते समुद्रासाठी आहे. त्याची कक्षा उणे २ ते ४० अंश. समुद्र ८० अंशांना तापत नाही, त्यामुळे ते सूत्र तिथपर्यंत न्यायची त्याच्या कर्त्यांना गरजच नव्हती.

कक्षेबाहेर ते कसे घसरते, ते पाहण्यासारखे आहे. कंसाआधीचा आकडा खरी घनता, कंसातला त्या बहुपदीचा. दोन्ही घनमीटरमागे किलोत आणि एक वातावरण दाबाला:

४० अंश: ९९२.२२ (९९२.२२)
५० अंश: ९८८.०४ (९८८.०६)
६० अंश: ९८३.२० (९८३.३८)
७० अंश: ९७७.७६ (९७८.४८)
८० अंश: ९७१.७९ (९७३.८९)
९० अंश: ९६५.३१ (९७०.४२)

पन्नासपर्यंत काहीच जाणवत नाही, साठला जेमतेम, आणि नव्वदला अर्धा टक्का. ९९ अंशांच्या आसपास तर हा वक्र सपाट होऊन वर वळतो, म्हणजे फंक्शनच्या मते त्यापुढे पाणी तापवले की जड होते. बहुपदीचा स्वभावच असा. ज्या पट्ट्यात तिचे गुणक बसवले त्यात ती इमानदार असते, बाहेर पडली की सर्वांत मोठा घात तिला ओढत नेतो. आणि फंक्शन काही कुरकुरत नाही. ९७३.८९ हा आकडा दिसायला इतका सभ्य आहे की पडद्यावर पाहून कोणाला शंका येणार नाही.

जुन्या स्प्रेडशीटमध्ये सूत्राशेजारी ‘फक्त ४० अंशांपर्यंत’ अशी टीप होती. पीएलसीत उतरवताना गुणक आले, टीप तिथेच राहिली.

पर्याय

सूत्र निवडण्याआधी किती अचूकता हवी ते ठरवले गेले, आणि हा क्रम योग्य होता. संपूर्ण चाचणीची अनिश्चितता ०.०५ टक्क्यांत ठेवायची होती. त्यात घनतेचा वाटा ०.०१ टक्क्यांहून जास्त नको, म्हणजे घनमीटरमागे ०.१ किलो. हा आकडा हातात आल्यावर निम्मी चर्चा आपोआप मिटली.

छापील कोष्टक आणि दोन ओळींमध्ये सरळ रेषेने अंतर्वेशन (मधला आकडा काढणे) हा सर्वांत साधा पर्याय. १ अंशाच्या पायऱ्या घेतल्या तर ० अंशांजवळ, जिथे वक्र सर्वांत वाकलेला आहे, तिथेही चूक ०.००२ किलोच्या आसपास राहते. १० अंशांच्या पायऱ्या घेतल्या तर ८० च्या जवळ ती ०.०६ पर्यंत जाते. लेखापरीक्षकाला समजावायला कोष्टक सोपे. अडचण एकच, शंभर आकडे हाताने भरताना एखादा चुकला तर तो अनेक वर्षे सापडत नाही.

तानाका आणि सहकाऱ्यांचे २००१ चे सूत्र आंतरराष्ट्रीय वजनमाप समितीने शिफारस केलेले आहे. काचेच्या पिपेट, फ्लास्क तपासणाऱ्यांसाठी त्याहून चांगले काही नाही, पण त्याची कक्षाही ० ते ४० अंश. गंमत अशी की त्याची बांधणी बहुपदीची नसून अपूर्णांकाची असल्याने ८० अंशांवरही ते ९७१.७० देते, म्हणजे फक्त ०.००९ टक्के चुकते. चालून गेले असते, पण ‘चालून जाते’ हे प्रमाणपत्रावर लिहिता येत नाही.

कॅनडातले संशोधक जी. एस. केल यांचे १९७५ चे सूत्र ० ते १५० अंशांपर्यंत चालते: वर पाचव्या घाताची बहुपदी, खाली एक साधा छेद. पीएलसीत मावते.

आयएपीडब्ल्यूएस या आंतरराष्ट्रीय संस्थेचे १९९७ चे औद्योगिक सूत्र दाबासकट सगळे देते, पण द्रवरूप पाण्याच्या भागातच त्याला ३४ पदे आहेत. संगणकावर तयार लायब्ररी मिळते. पीएलसीत ६८ घातांक आणि ३४ गुणक हाताने भरणे म्हणजे दुखणे विकत घेणे.

शेवटचा पर्याय एका तरुण इंजिनिअरने सुचवला: कोष्टक एक्सेलमध्ये टाकून ट्रेंडलाइन काढू. हा मोह सगळीकडे दिसतो, म्हणून तो का नाकारला ते नीट सांगायला हवे. ० ते ४० अंशांत दर दहा अंशांचे पाच आकडे घेऊन तिसऱ्या घाताची ट्रेंडलाइन काढली तर ती खरोखर ०.०१ किलोच्या आत बसते. पण आलेखावर एक्सेल गुणक छाटून दाखवतो: घनाचा ०.००००४, वर्गाचा उणे ०.००७९, तापमानाचा ०.०५९९, स्थिरांक ९९९.८४. वर्गाचा खरा गुणक उणे ०.००७८६८ आहे. छापील गुणक वापरले की ३० अंशांवर ९९५.६५ ऐवजी ९९५.६१ येते. आलेखातली रेषा बरोबर, शेजारचे समीकरण चूक. ट्रेंडलाइन वापरायचीच तर लेबलवर राइट-क्लिक करून दशांश दहा-बारा स्थळांपर्यंत वाढवावेत.

निवड केलच्या सूत्राची झाली. आयएपीडब्ल्यूएसचे सूत्र संगणकावर पडताळणीसाठी ठेवले गेले.

केलेली कारवाई

नवे फंक्शन असे लिहिले गेले. ‘त’ म्हणजे अंश सेल्सियस, ‘दाब’ म्हणजे पास्कलमध्ये गेज दाब, उत्तर घनमीटरमागे किलोत.

फंक्शन पाण्याची_घनता(त, दाब)
जर (त ≥ ० आणि त ≤ १००) असे नसेल, तर त्रुटी: तापमान कक्षेबाहेर
जर (दाब ≥ ० आणि दाब ≤ १०,००,०००) असे नसेल, तर त्रुटी: दाब कक्षेबाहेर
ट = १.०००२४ × त
अंश = ((((अ५ × ट + अ४) × ट + अ३) × ट + अ२) × ट + अ१) × ट + अ०
छेद = १ + ब × ट
परत करा (अंश ÷ छेद) × (१ + क × दाब)

गुणक:
अ० = ९९९.८३९५२
अ१ = १६.९४५१७६
अ२ = −०.००७९८७०४०१
अ३ = −०.००००४६१७०४६१
अ४ = ०.००००००१०५५६३०२
अ५ = −०.०००००००००२८०५४२५३
ब = ०.०१६८७९८५
क = ०.०००००००००४६

यातल्या प्रत्येक ओळीमागे कारण आहे. कक्षेची अट ‘० पेक्षा कमी किंवा १०० पेक्षा जास्त असेल तर त्रुटी’ अशी उलट बाजूने लिहिलेली नाही. सेन्सरकडून आकडाच आला नाही आणि चल ‘संख्या नाही’ या अवस्थेत गेला, तर त्याच्याशी केलेली कुठलीही तुलना खोटी ठरते. उलटी अट त्याला बिनबोभाट आत सोडते. वरच्या मांडणीत तो अडतो. पीटी-१०० या तापमान सेन्सरची तार तुटली की बरीच कार्डे तापमान एकदम कक्षेच्या वरच्या टोकाला नेतात. तेही इथे अडते. जुने फंक्शन त्यावरही काहीतरी घनता काढून देत असे.

१.०००२४ चा गुणाकार तापमानाच्या मोजपट्टीसाठी. केलचे सूत्र १९६८ च्या आंतरराष्ट्रीय तापमानपट्टीवर आहे, आजचे सेन्सर १९९० च्या पट्टीवर तपासले जातात. ८० अंशांवर यामुळे ०.०१९ अंशाचा, म्हणजे घनमीटरमागे सुमारे ०.०१२ किलोचा फरक पडतो. ठरवलेल्या मर्यादेत तो नगण्यच होता, पण एका ओळीचे काम असल्याने करून टाकले.

घात काढण्याऐवजी एकात एक कंस टाकले ते हॉर्नरच्या पद्धतीने. पीएलसीत घाताची क्रिया वेळखाऊ असते. ३२ बिटांच्या दशांश संख्येने अचूकता कमी पडेल का, अशी शंका निघाली होती. १००० च्या जवळ तिची पायरी ०.००००६ आहे, त्यामुळे ती शंका निराधार ठरली.

दाबाचा गुणक पाण्याच्या संपीड्यतेवरून (दाबाने ते किती आक्रसते त्यावरून) घेतला. ती तापमानाप्रमाणे थोडी बदलते, तरी स्थिर धरल्याने ४ बारला जास्तीत जास्त ०.००२ टक्क्यांची चूक राहते. दाब अजिबात न धरल्यास मात्र ०.०१८ टक्के सुटतात. म्हणजे सूत्र कुठले, यावर वाद घालून जे मिळते त्यापेक्षा जास्त.

मग पडताळणी. ठरवलेल्या सहा तापमानांना एक वातावरण दाबाची ज्ञात घनता घेतली, फरक ०.०२ च्या आत हवा अशी अट ठेवली: ० अंशांना ९९९.८४, २५ ला ९९७.०५, ४० ला ९९२.२२, ६० ला ९८३.२०, ८० ला ९७१.७९ आणि १०० ला ९५८.३५. संगणकावरची आवृत्ती पहिल्याच फटक्यात पास झाली. पीएलसीतली आवृत्ती नापास झाली. ८० अंशांना तिचे उत्तर ९७०.१३ येत होते.

शोधल्यावर दिसले की अ४ मध्ये एक शून्य जास्त पडले होते. ही चूक शिकण्यासारखी आहे, कारण २५ अंशांवर तिने फक्त ०.०२६ चा फरक पडतो. नेहमीच्या तापमानाला एकच आकडा ताडून ‘ठीक आहे’ म्हटले असते आणि अट ०.०५ ची असती, तर चुकीचे फंक्शन दुसऱ्यांदा गरम लूपवर गेले असते. एवढे लहान गुणक शून्ये मोजून भरूच नयेत, घातांकाच्या रूपात टाकावेत. वर ते वाचायला सोपे पडावेत म्हणून सरळ लिहिले आहेत.

दुसरे कारण

फंक्शन बदलल्यावर ८० अंशांची चूक +०.३० वरून +०.१२ वर आली. २५ अंशांना ती अजून +०.०२ च होती. म्हणजे आणखी ०.१० टक्के कुठेतरी होते.

प्रोग्राम तापमान घेत होता वजनाच्या टाकीतल्या सेन्सरचे. गार लूपवर टाकी आणि मीटर यांच्या तापमानात काही फरक नसतो, म्हणून सोयीने सेन्सर टाकीत बसवला होता. गरम लूपवर मीटरपाशी ८०.० आणि टाकीत ७८.५ अंश होते. पीएलसीच्या पडद्यावरचे ९७४.५३ आले ते या ७८.५ वरूनच. वस्तुमान वाटेत बदलत नाही, पण मीटरने जे लिटर मोजले ते ८० अंशांच्या पाण्याचे. त्यामुळे घनता मीटरपाशीच्या तापमानाची आणि दाबाची हवी. ८० अंशांजवळ एका अंशाला ०.६२ किलो, म्हणजे ०.०६४ टक्के फरक पडतो; २५ अंशांना हाच फरक ०.०२६ टक्के असतो. दीड अंशाने ०.१० टक्के झाले ते असे.

दोन्ही चुका एकाच बाजूच्या होत्या: घनता जास्त, म्हणून लिटर कमी, म्हणून मीटर जास्त दाखवतोय असा भास. ३०० किलो पाण्याचे खरे आकारमान ३०८.७१ लिटर, जुना प्रोग्राम ३०७.८४ म्हणत होता.

मीटरच्या पुढे पाइपाच्या व्यासाच्या पाचपट अंतरावर थर्मोवेल (सेन्सरसाठी पाइपात बसवलेली बंद नळी) टाकून अ वर्गाचा पीटी-१०० बसवला. अ वर्गाची मर्यादा ८० अंशांना ±०.३१ अंश, म्हणजे घनतेत ०.०२ टक्के. आधीच ठरवलेला घनतेचा वाटा ०.०१ टक्के होता, त्यामुळे नुसता अ वर्ग पुरणार नव्हता. सेन्सर ५०, ७० आणि ९० अंशांना तपासून घेतला आणि दुरुस्तीचे आकडे पीएलसीत भरले. वेगवेगळ्या सूत्रांतल्या हजाराव्या भागांवर जेवढी चर्चा झाली, त्याच्या निम्मीही या सेन्सरवर झाली नव्हती, हे इथे नोंदवायला हवे.

निष्पत्ती

सेन्सर हलवल्यावर पहिल्या मीटरची चूक ८० अंशांना +०.०२ आली. दाबाची दुरुस्ती सुरू केल्यावर २५ आणि ८० दोन्ही ठिकाणी ती +०.०४ झाली. दुरुस्तीनंतर चूक वाढल्याने थोडी कुजबुज झाली, पण हे रास्तच होते: गार लूपवरही दाब आजवर धरला नव्हता. गार आणि गरम आता एकमेकांशी जुळत होते आणि मीटर दाव्यात आरामात बसत होता.

स्पॅन खाली आणलेले दोन मीटर परत मागवावे लागले. ते बिघडलेले नव्हतेच. प्रयोगशाळेनेच त्यांना ०.३ टक्के कमी दाखवायला शिकवले होते. आयएसओ १७०२५ या प्रयोगशाळांसाठीच्या मानकातल्या सदोष कामाच्या कलमाप्रमाणे ग्राहकांना कळवून प्रमाणपत्रे रद्द केली, मूळ स्पॅन परत घालून फुकट फेरतपासणी केली. ४० अंशांखालची जुनी प्रमाणपत्रे तपासली; त्यात दाबाचे ०.०१८ टक्के सोडता काही नव्हते आणि ते जाहीर अनिश्चिततेत मावत होते, म्हणून ती तशीच ठेवली.

गरम चाचण्यांच्या जुन्या नोंदींवरून नव्याने गणित करून भागवता येईल का, हाही विचार झाला. पल्स आणि किलो नोंदलेले होते, पण मीटरपाशीचे तापमान कधी नोंदलेच नव्हते. टाकीच्या तापमानात दीड अंश मिळवून प्रमाणपत्र देणे कोणाच्या मनाला पटेना. फेरतपासणी महाग पडली, तरी निर्णय बरोबर होता.

वेगळे काय करता आले असते

गरम लूप सुरू करताना त्याचा प्रोग्राम ‘जुनाच आहे’ म्हणून तपासणीतून सुटला. सॉफ्टवेअर बदललेले नव्हते हे खरे, पण त्याच्याकडे येणारी तापमाने बदलली होती. वापराचा पट्टा बदलला की प्रोग्राम नवा समजावा, असा नियम प्रयोगशाळेने आता कार्यपद्धतीत घातला आहे. सहा तापमानांची चाचणी दर वेळी पीएलसीत काही उतरवल्यावर, थेट पीएलसीवरच होते. संगणकावरची पास झाली म्हणून सूट नाही.

पाण्याच्या शुद्धतेचा प्रश्न या वेळी आरओच्या पाण्यामुळे टळला. बोअरचे पाणी असते आणि त्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्षार असते, तर घनता सुमारे ०.४ किलोने, म्हणजे ०.०४ टक्क्यांनी वाढली असती. शुद्ध पाण्याचे कुठलेही सूत्र हे सांगत नाही. गरम लूपमध्ये पाणी उडत जाते, वरून भर घातली जाते आणि क्षार साठत राहतात, म्हणून तिथे टीडीएस (लिटरमागे विरघळलेले मिलिग्रॅम क्षार) ५० च्या वर गेला की पाणी बदलायचे असे ठरले. गार लूप नगरपालिकेच्या पाण्यावर चालतो; त्याच्या नमुन्याची घनता २५ अंशांना मोजून फरक थेट मिळवला जातो.

उत्प्लावनाच्या दुरुस्तीत हवेची घनता १.२ अशी कायमची लिहिलेली होती. समुद्रसपाटीला ती ठीक. साडेपाचशे मीटर उंचीवरच्या पुण्यात ती १.१ च्या जवळ असते आणि तेवढ्याने ०.००९ टक्के फरक पडतो. घनतेसाठी राखलेला जवळजवळ सगळा वाटा एका स्थिरांकाने खाल्ला असता. तिथे आता हवेचा दाब, तापमान आणि आर्द्रता यांवरून काढलेला आकडा जातो.

आणि स्पॅनला हात लावण्याबद्दल. कुठल्याही दोन मीटरांची चूक एकाच बाजूला, सारख्याच प्रमाणात आली तर समायोजन करायचे नाही. आधी कोरिऑलिस लाइनमध्ये बसवून काट्याचे किलो त्याच्या किलोंशी ताडायचे. याला अर्धा दिवस जातो. दोन मीटर परत मागवायला त्याच्या कितीतरी पट वेळ गेला, शिवाय एका डेअरीची सीआयपी (यंत्रे न उघडता आतून धुण्याची) लाइन तोवर पर्यायी मीटरवर चालवावी लागली.